पाणी पिणारे जावई

भाचीचा होणारा इंग्रज नवरा घरी आला आणि आल्या आल्या फुलपात्रभर पाणी घटाघटा प्यायला. आडनाव ड्रिंकवॉटर, म्हणजे पाणी पिणारे.

"आमचा मूळपुरुष दारूला न शिवणारा असेल, नाहीतर अट्टल दारुडा," तो हसत म्हणाला. "गावानं चेष्टेनं नाव ठेवलं असेल."

मला गंमत वाटली. गाव कुणाला तरी घटकाभर हसतं आणि पुढच्या सगळ्या पिढ्या ते हसू दारावरच्या पाटीवर मिरवतात.

आत्याचा चेहरा मात्र पडला. "पोरीनं जन्मभर हे लावायचं?"

"आत्या, तू लग्नानंतर आगलावे झालीस ना? तुमच्यात आग कुणी लावली होती?"

आत्यानं पेपरात तोंड खुपसून बसलेल्या आतोबांकडे पाहिलं. "हा लग्नाआधी सांगतोय तरी. यांना मी लग्न झाल्यापासून विचारतेय," म्हणाली आणि तिनं जावयाचं फुलपात्र पुन्हा काठोकाठ भरलं.