सयाजीसाठी सिंहाचं डोकं

पूर्णिमा मंगळवार पेठेतल्या एका ड्रेपरीच्या दुकानात कामाला. राजांचे अंगरखे, राक्षसांचे मुकुट, भाड्यानं जाणारं सगळं तिच्या हातचं. यंदा गणपतीत गल्लीच्या मंडळानं नृसिंहाचा सजीव देखावा ठरवला आणि सिंहाचं डोकं करायचं काम तिच्याकडे आलं. नृसिंह होणार होता तिचाच नवरा, सयाजी.

शिरोलीच्या फौंड्रीत, ओतकामाच्या वाळूच्या धुळीत राबून सयाजीची छाती पार कामातून गेली होती. जिना चढला तरी कठडा धरून उभा राहायचा. आणि इथं तर डोकं घालून प्लायवूडच्या बंद खांबात थांबायचं.

"दुसऱ्या कुणाला तरी घ्या की," ती म्हणाली.

"का? मी म्हातारा झालो व्हय?" सयाजीनं विचारलं.

विषय तिथंच संपला.

तिनं वेताचा सांगाडा बांधला, वर कागदाचा लगदा थापला. पावसाळी हवेत तो वाळेना, म्हणून टेबलफॅन लावून ठेवला. सुतळी पिंजून आयाळ चिकटवली. मग ते डोकं स्वतः घालून ती कणीक मळायला बसली. कणीक निम्मी मळून व्हायच्या आत श्वास कोंडला, छातीतली धडधड कानात ऐकू यायला लागली. घाईघाईनं तिनं ते उपसून काढलं. मग ब्लेडनं जबडा चांगला रुंद कापला आणि आयाळीखाली, मानेशी, मोठं भोक पाडून जाळी बसवली.

"सिंह हाय का कोंबड्यांचं खुराडं?" सयाजी भडकला.

"घालायचं तर असंच घाला. न्हायतर आत्ता फोडते."

पहिल्याच संध्याकाळी रस्ता माणसांनी भरला. हिरण्यकशिपू झालेल्या, गल्लीतल्याच राजवीरनं खांबावर गदा मारली. खांबाचं दार उघडलं नाही. पावसानं प्लायवूड फुगलं होतं. त्यानं पुन्हा मारली; लोकांना तो देखाव्याचाच भाग वाटला, टाळ्या पडल्या. पुढं उभ्या पूर्णिमाला मात्र आतला खोकला ऐकू आला. ती तशीच स्टेजवर चढली.

"राजवीर, वढ! खोकत्यात त्ये आत!"

दोघांनी फटीत बोटं घालून फळी उचकटली. सयाजी गुडघ्यांवर बाहेर आला, जबड्यातून तोंड काढून धापा टाकत. कुणीतरी हसलं.

घरी आल्यावर त्यानं डोकं कोपऱ्यात ठेवलं. मग भिंतीकडं बघत म्हणाला, "भ्यालो मी. हाक माराय गेलो तर आवाजच फुटंना."

दुसऱ्या दिवशी दाराच्या जागी रंगवलेला कागदी पडदा आला. सयाजीनं स्वतःच डोकं राजवीरच्या हाती दिलं आणि हिरण्यकशिपूची गदा घेतली. पडदा फाटून राजवीर बाहेर येईपर्यंत पूर्णिमानं स्टेजकडं पाहिलं नाही.

विसर्जनानंतर सयाजी मुकाट्यानं तिच्यासोबत छातीच्या डॉक्टरांकडं गेला. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि फौंड्रीचं काम सोडायला सांगितलं. नवरा-बायको शेजारी शेजारी बसून राहिले. पुढं काय करायचं, हे दोघांनाही अजून ठरवता आलेलं नाही.