हायवेवर न उघडलेले डबे

गाव सोडलं त्या सकाळी मी एक ट्रंक आणि दोन मोठी पातेली घेऊन एसटीची वाट बघत होते. माझं सासर-माहेर एकाच गावात. नवरा कोल्हापुरात खानावळीसाठी जागा ठरवून आला होता. आई रडली. आबा, म्हणजे माझे वडील, धार काढत होते. गोठ्यातूनच ओरडले, "जा की आता! एसटी काय तुझ्यासाठी थांबणार हाय?"

अंतर बारा किलोमीटर. पुण्याला, दुबईला गेलेल्या आमच्या गावच्या मुली म्हणतात, याला काय गाव सोडणं म्हणायचं? हसा. पण तेवढ्यानंही माझं आयुष्य बदललं. आता गॅसची भट्टी आहे, मोबाईलवर ऑर्डरी येतात आणि पहाटे कुठल्याही म्हशीचं माझ्यावाचून अडत नाही.

मग महापूर आला. शहरातल्या हॉटेलवाल्यांनी, खानावळवाल्यांनी एका दिवसात फुकट जेवण सुरू केलं. आम्हीही केलं. पण सगळ्यांनी पातेली नेली ती एकाच शाळेत, कारण निवारा तिथं होता. तिसऱ्या दिवशी तिथं खिचडी आंबली. आमच्या गावातही पाणी शिरलं होतं, पण गावचं तिथं कुणीच नव्हतं. सगळे हायवेच्या कडेला म्हशी धरून बसले होते. शाळेत म्हशी घेत नाहीत आणि आपली माणसं म्हशी सोडत नाहीत. गोठ्यात वाढलेल्या मला हे सुचायला तीन दिवस लागले, याचा राग अजून जात नाही.

डबे घेऊन हायवेवर गेले, रांगेनं वाटत आबांपर्यंत पोचले. आबा ताडपत्रीखाली बसलेले, शेजारी चार म्हशी. मधुमेहाची गोळी घेतलेली, पोटात काही नाही, हात थरथरत होते.

"म्हशीस्नी काय आणलंस?"

"आधी तुम्ही जेवा. चक्कर येऊन पडशीला."

"कालपास्नं उपाशी हायत त्या. त्यांच्यासमोर मी भाकरी मोडू व्हय?"

आजूबाजूला बघितलं. मी वाटलेला एकही डबा कुणी उघडला नव्हता.

वैरण सगळी पाण्यात गेलेली. तिथूनच एकेका खानावळीला फोन लावला. रोज फ्लॉवरचा पाला, मक्याची सालं पोत्यानं फेकतो आपण. ती द्या म्हटलं.

एक हॉटेलवाला म्हणाला, "वैनी, आम्ही बिर्याणी देतोय आणि तुम्ही कचरा मागतायसा?"

"कचराच द्या. धुऊन द्या."

दोन तासांनी टेम्पो आला. तोवर मी आबांच्या तोंडात जबरदस्तीनं साखर कोंबली, शिव्या खाल्ल्या. पाला बघून उठले ते थेट मला शिकवायलाच लागले. "कोबी बेतानं घाल, पोटं फुगत्यात." चारी म्हशी खायला लागल्या, तेव्हा कुठं त्यांनी डबा उघडला. रांगेतले बाकीचे डबेही मग उघडले.

"आमटी आळणी हाय," आबा म्हणाले. दोन भाकऱ्या संपवल्या.

पाणी ओसरल्यावर म्हटलं, आता माझ्याकडेच राहा. तर म्हणाले, "तुझ्या जिन्यानं म्हशी चढत्यात काय?"

त्यामुळे सध्या शहराबाहेर, गडमुडशिंगीकडे जागा बघतेय. एजंट रोज विचारतो, किती खोल्यांचं घर पाहिजे? मी सांगते, आधी चार म्हशींची सोय दाखवा. खोल्यांचं नंतर बघू.