मनगट धरणारे भाऊ

माझा नवरा ढिगाच्या खाली होता आणि त्याचे पाय हलायचे थांबले होते. त्याच्या अंगावर अहेरीच्या लाकूड डेपोचा रेड्यासारखा गडी आणि त्याच्यावर आमच्याच गावचे पाच-सहा जण. तो गडी रेषेकडे हात लांबवून अजून 'कबड्डी कबड्डी' घुमवत होता. त्याचा घोटा माझ्या सख्ख्या भावाच्या, दसरूच्या हातात होता. दिवाळीनंतरच्या जत्रेला, आमच्या मंडईला, आलेले सगळे ओरडत होते, "धरून ठेव, दसरू! सोडू नको!" त्या गड्याचा दम तुटेपर्यंत धरलं असतं तर सामना आमच्या गावानं, सावलीनं, जिंकला असता. दसरूनं घोटा सोडला.

गडी सरपटत रेषेला पोचला. त्याला हात लावलेले आमचे सगळे बाद झाले, सामना गेला. दसरू एकेकाला कमरेला धरून बाजूला फेकत होता. मी पाण्याचा गुंड घेऊन धावले. नवऱ्याच्या तोंडात माती गेली होती, ती बोटानं काढली. रडले नाही. रडून माती निघत नाही. मग तो खोकला आणि मला शिवी दिली, तेव्हा मी उठले.

एवढा गोंधळ चालला होता आणि बांधावर एक माणूस शांत बसून होता. त्याच्याबद्दल मला सांगायचं आहे.

चांद्याला तेव्हा कोणी चंद्रपूर म्हणत नव्हतं. तिथल्या एका लाकूड गिरणीच्या मालकाला कबड्डीचं वेड होतं. चांगल्या गड्याला तो गिरणीत कायमची नोकरी द्यायचा. गडी शोधायचं काम या माणसाकडे. आम्ही त्यांना नुसतं भाऊ म्हणत होतो. एक कान चुरगळलेला, दोन बोटं वाकडी. खेळतानाच झालं असणार. मी कधी विचारलं नाही.

भेटले की ते तुमचं मनगट धरायचे. धरायचे आणि सोडायचेच नाहीत. धान कसं झालं, बैल किती दाताचे, असं विचारत बसायचे आणि हाताकडे काय, तोंडाकडे सुद्धा बघायचे नाहीत. कोणी हिसका द्यायचा, कोणी लाजून हात ढिला सोडायचा. एकदा पोस्टमनचं धरलं. तो बिचारा टपाल काखेत घेऊन उभा. मी म्हटलं, "भाऊ, त्याले सोडा, त्याले कबड्डी नाई खेळाची."

"सवय हाय, बाई," म्हणाले. तरी लवकर सोडलं नाही.

दसरूचं मनगट धरलं तेव्हा दसरू हिसकला नाही, ढिला पडला नाही, एक पाऊल जवळ सरकला. भाऊंनी पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

दसरूला जमीन नव्हती. बाप गेल्यापासून तो आमच्याकडेच राहायचा आणि उन्हाळ्यात जंगलात बांबू तोडायला जायचा. एक वर्ष तापानं फणफणत, खाटेवर घालून आणला होता. त्यामुळे ही नोकरी मला हवी होती. त्याच्यापेक्षा मलाच जास्त.

मंडईच्या दिवशी सकाळपासून धान कापलेल्या बांधीत सामने चालले होते. भाऊंनी दसरूला एका जागी उभं राहू दिलं नाही. कधी डाव्या कोपऱ्यात, कधी उजव्या, कधी मधात साखळी धरून. आमचे पाटील चिडले. "अहो भाऊ, पोरगा कोपऱ्यातला हाय. त्याले मधात काऊन कोंबून राह्यले?"

"जागा कोनाच्या बापाची नाई," भाऊ म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं. जेवताना पाटावर बसवलं तरी हेच म्हणून दुसरीकडे बसायचे.

शेवटच्या सामन्यात दसरू उजव्या कोपऱ्यात होता आणि माझा नवरा मधात. पुढचं सांगितलंच.

संध्याकाळी भाऊ आमच्याकडे जेवायला. भात आणि झिंग्यांची चटणी. चटणीनं त्यांचं नाक वाहत होतं तरी ते आणखी मागत होते. ओसरीवर गावची माणसं जमलेली. पाटील म्हणाले, "नाक कापलं पोट्ट्यानं. मालकाले घोरपडीसारखा धरनारा गडी पायजे, आन् हा ऐन वक्ती सोडते." माझा नवरा कोपऱ्यात पडून होता. तोही म्हणाला, "मी नाई मरत होतो. उगाच सोडलं." मी त्याला म्हटलं, "तू गप पड."

दसरू गोठ्यात बसला होता. भाऊंनी हाक मारून बोलावला.

"काऊन सोडला गा?"

"भाटव्याचे पाय हालनं बंद झाले," दसरू माझ्या नवऱ्याकडे बघत म्हणाला.

"तू तं कोपऱ्यात खाली मुंडी घालून होता. तुले कसं समजलं?"

दसरू जरा चिडूनच बोलला, "तुमीच नाई का मले सकाळी मधात उभं केलं? दोनदा मी तसाच खाली दबलो होतो. दम कोंडते तिथी. पाय झाडले का वरचे उठते. त्याचे पाय झाडनंच बंद झालं."

भाऊ पुन्हा भात कालवायला लागले. मला वाटलं, गेली नोकरी. मग ते पाटलांकडे वळले. "धरनारे मालकाजवळ लय हायत, पाटील. आपली जागा सोडून दुसऱ्याची जागा समजते असा एक बी नाई."

"आन् मालकानं इचारलं, सामना कोनी हरवला, तं?"

"तं सांगन, ह्यानंच. मालक मले शिव्या देईन. देऊ दे." मग दसरूला म्हणाले, "हात धू, जेवाले बस. सकाळी माझ्यासंगं चाल."

दसरू जेवला नाही. मी त्याचं एकुलतं एक धोतर धुऊन चुलीजवळ वाळत घातलं.

मालकानं शिव्या दिल्याच. पहिलं वर्षभर दसरूला नुसतं ओंडके वाहायला लावलं, संघात घेतलं नाही. भाऊ रोज त्याच्यासाठी भांडायचे म्हणे. पुढच्या वर्षी घेतलं, आणि मग तो कुठल्या जागी खेळतो हे कोणी विचारेनासं झालं. जिथे गडी कमी तिथे दसरू.

भाऊ त्यानंतर दर मंडईला येत राहिले. एका वर्षी आले नाहीत. मी झिंगे भाजून ठेवले होते. दोन दिवसांनी दसरू एकटाच आला. चटणी त्यानंच खाल्ली, मग भाऊ गेल्याचं सांगितलं.

त्या ढिगातली माणसं एकेक करून गेली. दोघं आहेत. सोडणारा चांद्याला नातवंडांत आहे. खाली होता तो, माझा नवरा, इथे सावलीला आहे.