आत्याच्या लिव्हरचा तो एक फोटो

आधी माझा स्वभाव सांगतो. अंगात येणं, बाहेरची बाधा... असलं काही कुणी सांगू लागलं की मी त्याला आधी शुगर तपासून ये म्हणतो. पेशाने सोनोग्राफीचा डॉक्टर. मशीनवर दिसेल तेच खरं मानणारा.

अहमदपूरला बसस्टँडमागे माझं दोन खोल्यांचं सेंटर आहे. गेल्या वर्षी एका मंगळवारी दुपारी नायगावहून आत्या आली. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. पोट जड वाटतंय म्हणाली म्हणून मीच हट्टाने बोलावली, नाहीतर ही बाई कसली येते!

मशीनवर पाहिलं तर लिव्हर चरबीने भरलेलं. अशा लिव्हरमधून आवाजाच्या लहरी जाता जाता विरतात — कडब्याच्या गंजीपलीकडून हाक मारावी तसं. किती विरल्या याचा आकडाही मशीन देतं. आत्याचा भलताच जास्त होता, आणि खोलवरचा भाग पार काळा. फॅटी लिव्हर असं लिहून मी मोकळा होणार होतो.

तेवढ्यात आत्याने झटकन डोक्यावर पदर ओढला आणि ती डाव्या कुशीवर वळली.

"आत्या, हलू नको की!"

"गप बस बाबू. मामंजी आलेत."

मामंजी म्हणजे तिचे सासरे. ते जाऊन वीस वर्षं झालेली! मी चिडून बोलणार, तर स्क्रीनवरचा काळा भाग लख्ख उजळलेला... आणि अगदी तळाशी बोराएवढी गाठ. आधी फोटो सेव्ह केला. आकडा पुन्हा घेतला — नॉर्मल.

मिनिटभराने सगळं परत काळं. त्याच कुशीवर दहादा वळवून पाहिलं, काही नाही.

लातूरला सीटी केला. गाठ होती, कॅन्सरची, पण वेळेत सापडली. ऑपरेशन झालं आणि माझी आत्या वाचली.

कुशीवर वळलं की लिव्हर सरकतं, हे मलाही कळतं हो. पण चरबी मिनिटभर रजेवर जात नाही. तो फोटो आजही माझ्याकडे आहे.

टाके काढल्यावर तिला विचारलं, "मामंजी काय म्हणाले गं?"

"जल्मभर 'ए' म्हणूनच हाक मारली त्यांनी मला," ती म्हणाली. "त्या दिशी म्हणले, लेकी, जरा कुशीवर वळ."

एवढ्या मोठ्या ऑपरेशनला हूं की चूं न केलेली माझी आत्या मग पदरात तोंड घालून हमसून हमसून रडली.