हक्कसोडीची साडी

नाशिकला मखमलाबाद रस्त्याच्या आतल्या अंगाला मालनबाईंची सासरकडून आलेली वीस गुंठे पडीक जागा आहे. पाटाचं पाणी तिथवर पोचत नाही, म्हणून तिथे गुलाब लागला नाही, शेवंती लागली नाही, आणि एका वर्षी लावलेला झेंडू शेळ्यांनी खाल्ला. शेवटी तिथे फुटबॉल लागला. तो मात्र चांगला लागला.

लावणारा त्यांचा भाचा ज्ञानेश. तो शाळेत खेळाचा मास्तर, संध्याकाळी या जागेवर मुलींना फुटबॉल शिकवायचा. क्लबची नोंदणी करताना अध्यक्षाचं नाव हवं होतं. ज्ञानेशने जागेच्या मालकिणीचं नाव घातलं आणि मोबाइल नंबरही तिचाच दिला. मालनबाई तेव्हा पंचवटीतल्या फुलबाजारात शेवंती विकत होत्या. आपण अध्यक्ष झालो हे त्यांना तीन महिन्यांनी एका कार्यक्रमाच्या पत्रिकेवरून कळलं.

"आधी बोलला असतास तर केस तरी काळे केले असते," एवढंच त्या म्हणाल्या.

मैदानावर दोन गोल होते. एकाच्या मागे काहीच नव्हतं, त्यामुळे चेंडू थेट शेजारच्या भागीबाईंच्या मेथीत जायचा आणि भागीबाई तो दोन दिवस घरात कोंडून ठेवायच्या. दुसऱ्या गोलाला जाळीच्या जागी साडी बांधलेली होती. जांभळी, रुंद काठाची. तिची हकिकत गोदाकाठ क्लबातली प्रत्येक मुलगी जाणून होती, कारण मालनबाई ती प्रत्येकीला सांगायच्या.

वीस वर्षांपूर्वी भाऊबीजेला दोघा भावांनी त्यांना पुरणपोळीचं जेवण घातलं, जांभळी साडी दिली, आणि विडा तोंडात असतानाच हक्कसोडपत्र पुढे केलं. बापाच्या जमिनीत मला काही नको, असं लिहून द्यायचं. बहिणी देतातच लिहून. मालनबाईंनीही दिलं. विडा संपायच्या आत सही झाली. घरी आल्यावर साडी पेटीत गेली ती काही अंगाला लागली नाही. पुढे ज्ञानेश जाळीसाठी वर्गणी मागायला आला, तेव्हा त्यांनी तीच बाहेर काढली.

"तुझ्या बापानं दिलीय. लागू दे कामाला."

ज्ञानेशने खाली मान घालून ती गोलाला बांधली.

त्या साडीपुढे अकराव्या वर्षापासून उभी राहिलेली मुलगी म्हणजे तेजस्विनी. वडील नाशिकच्याच द्वारका चौकात रिक्षा चालवायचे, आई सुवर्णा दोन घरी स्वयंपाक करायची. पहिल्याच दिवशी मालनबाईंनी तिला बजावलं होतं, "साडीला चेंडू लागला, तर धुवायची तू." तेजस्विनीला धुण्याचा मनापासून कंटाळा. तिने चेंडू अडवायला सुरुवात केली. चार वर्षांत ती साडी सहा वेळा धुतली गेली, त्यातल्या दोन वेळा शेळीमुळे.

अशा मुलीची बातमी पुण्यापर्यंत जायला किती वेळ लागणार? तिथल्या एका मोठ्या क्लबाची गोलकीपर दहावीत गेली आणि तिच्या आईने तिचे हातमोजे कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. रविवारी त्यांचा सामना. म्हणून क्लबाचे कुंदन सर शुक्रवारी दुपारी मैदानावर हजर झाले. राहणं, खाणं, शाळा, सगळं क्लब बघणार होता. अट एकच, पाच वाजायच्या आत तेजस्विनीचं नाव कॉम्प्युटरवर गोदाकाठातून सुटून त्यांच्याकडे यायला हवं. पाचनंतर बदलीचं खातं बंद होतं ते थेट पुढच्या हंगामाला उघडतं.

तेजस्विनी सकाळपासून बॅग भरून मैदानाकडेच्या बंद पंप-घराच्या पायरीवर बसली होती. हातमोजे बॅगेत ठेवायचे की हातात, हे तिचं ठरत नव्हतं. सध्या ते हातात होते.

कुंदन सर भला माणूस. वाटेत त्यांनी कोणाला तरी विचारलं होतं, की नाशिककडे अध्यक्षबाईंचा मान कसा करतात. त्याप्रमाणे त्यांनी शाल आणली, नारळ आणला आणि रुंद काठाची हिरवी साडी आणली. ती मालनबाईंच्या हातात दिली, वाकून नमस्कार केला, आणि त्याच नमस्कारातून वर येताना खिशातून कागद काढला.

"आई, इथे एक सही."

ज्ञानेशने डोळे मिटून घेतले.

मालनबाईंनी साडीकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग गोलामागच्या जांभळ्या साडीकडे.

"जेवण राहिलं," त्या म्हणाल्या.

"अं?"

"आधी पुरणपोळी असती. मग साडी. मग कागद. तुम्ही जेवण गाळलं. ज्ञानेश, वाच रे काय लिवलंय."

ज्ञानेशने वाचलं. खेळाडूच्या शिक्षणापोटी आज किंवा पुढे कोणताही मोबदला आमचा क्लब मागणार नाही, असा मजकूर होता.

"म्हणजे काय, ते मराठीत सांग."

"मराठीतच आहे, आत्या." त्याने घसा खाकरला. "नियम असा आहे, की उद्या तेजू मोठी होऊन पगारी खेळाडू झाली, तर जिथे जिथे ती लहानपणी शिकली, त्या क्लबांना थोडा थोडा वाटा मिळतो. आपली चार वर्षं त्यात धरतात. तो वाटा आपण सोडायचा, असं हे म्हणतात."

"हक्कसोड."

"तसंच काहीसं."

"तसंच काहीसं नाय. तेच. तुझा बाप वकिलाकडून लिहून घ्यायचा, हे छापून आणत्यात."

कुंदन सरांनी समजूत घातली. अहो आई, मुलींच्या फुटबॉलमध्ये कुठला आलाय पगार, शंभरातली एखादी तिथवर पोचते, हा कागद आम्ही सगळ्याच लहान क्लबांकडून घेतो, नाशिकच्याच दोन क्लबांनी हसत हसत दिला.

"मिळणारच नाय, तर सोडून कशाला घेता?" मालनबाईंनी विचारलं. "भाऊपण हेच बोललेले. बरड जमीन हाय आक्का, तिथं काय पिकतंय. आता तिथं गाळे हायेत."

हे ऐकून ज्ञानेशने मैदानावरचे खडे वेचायला घेतले.

सव्वाचार झाले होते. कुंदन सरांनी शेवटचं सांगितलं, की कागद नसेल तर वरचे लोक मुलीला होस्टेलमध्ये जागा देत नाहीत. त्यांचाही नाइलाज होता. तेव्हा लेकीच्या बॅगेजवळ उभी असलेली सुवर्णा पुढे आली.

"मावशी, तुम्ही तिला पोटच्या पोरीसारखं बघितलंय. पण तुमच्या भावांचा राग माझ्या पोरीवर काढू नका."

हे मालनबाईंना लागलं. खरंही होतं त्यात थोडं. त्यांनी तेजस्विनीकडे पाहिलं. पोरगी हातमोज्यांची चिकटपट्टी उघडत होती, लावत होती. चर्र, चर्र. तिने काही मागितलं नाही, म्हणून जास्तच अवघड झालं.

मालनबाई उठून पंप-घरात गेल्या. आत सप्तशृंगीची तसबीर होती, रोज पहिली माळ तिला. शुक्रवारचा उपवास होता, पोटात सकाळचा चहा आणि दोन केळी. त्या हात जोडून उभ्या राहिल्या. सही केली तर पोरीची वाट मोकळी, पण गोदाकाठचं पुन्हा तेच, वाढवा आणि देऊन टाका. नाही केली, तर चार वर्षांची मेहनत या पायरीवर बसून राहणार. देवीने काही सांगितलं नाही. ती सहसा सांगत नाही, माणसालाच विचारायला लावते.

"ज्ञानेश, आत ये. चपला काढ."

तो आला.

"हिच्यासमोर सांग. हा कागद नियमात हाय का?"

ज्ञानेशने तसबिरीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नियमात एवढंच आहे, की आपण कॉम्प्युटरवर तिला सोडायचं. हा कागद त्यांचा त्यांनी काढलाय. त्याच्याशिवायही नाव सुटतं."

"मग मघापासून तोंडात काय विडा होता?"

"ते घेतील की नाही, याची भीती वाटली, आत्या."

"आणि आपलं नाव? ते राहतं का तिच्या कागदावर?"

"राहतं. कुठल्या वर्षी कुठे होती, सगळी नोंद असते."

"सातबाऱ्यासारखी?"

"अगदी."

"मग झालं तर. जमीन त्यांनी कसावी. इतर हक्काच्या रकान्यात आपलं नाव पायजे."

बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, मुलगी देते, कागद देत नाही. कुंदन सर कपाळाला हात लावून फोनकडे वळले. ज्ञानेशने पायरीवर लॅपटॉप उघडला आणि दोनचार ठिकाणी टिचक्या मारल्या. मालनबाईंच्या कनवटीला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला बटणांचा फोन वाजला.

"ओटीपी आला. सांग, आत्या."

"नाय सांगायचा. बँकेतल्या बाईनं बजावलंय. कोणी कितीबी गोड बोललं तरी नाय."

"आत्या, मी भाचा आहे."

"तुझा बाप भाऊ होता."

यात त्या ओटीपीची मुदत संपून गेली. चार पन्नास. दुसरा मागवला. आता सुवर्णाने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली होती. मालनबाईंनी लॅपटॉप मांडीवर ओढला, चष्मा लावला आणि फोनवरचा एकेक आकडा बघत, फुलं ओवावीत तसा, एका बोटाने भरला. सहावा आकडा भरल्यावर त्या थांबल्या.

"दाबू?"

"दाब," सगळे एकदम म्हणाले. कुंदन सरसुद्धा.

पडद्यावर हिरवी खूण उमटली. तेजस्विनी सुटली. पायरीवर मात्र कोणी हललं नाही, कारण सुटलेली मुलगी अजून कोणाची झाली नव्हती. कुंदन सरांनी साहेबांना फोन लावला आणि खरं ते सांगितलं, कागद मिळाला नाही, मुलगी मिळते आहे. पलीकडून आवाज इतका मोठा आला, की शेजारच्या भागीबाईंनाही ऐकू गेला.

"रविवारी गोलात काय तो कागद उभा करणार आहेस? घे तिला."

चार सत्तावन्नला कुंदन सरांनी आपल्या फोनवरून तिला घेतलं.

गाडी निघताना मालनबाईंनी शालीची घडी कुंदन सरांच्या पिशवीत परत घातली, वर झेंडू आणि वाटेत खायला केळी. पिशवी रिकामी परत पाठवू नये. नारळ त्यांनी देवीपुढे फोडून प्रसाद वाटला. तेजस्विनी पाया पडायला वाकली, तर म्हणाल्या, "तिथं खरी जाळी असंल. म्हणून निवांत राहू नकोस. धुवायची हाय असंच समज."

"हो," तेजस्विनी म्हणाली आणि हातमोजे घातलेल्या हातांनीच डोळे पुसले.

हिरवी साडी पायरीवर तशीच राहिली. सुवर्णाने ती झटकून मालनबाईंच्या पुढे धरली. चांगली होती साडी, पोत मऊ होता.

"नेसा आता ही तरी, मावशी. हिच्यावर सही नाही लागली."

मालनबाईंनी काठ बोटांनी चाचपला. भागीबाईंच्या मेथीत सरावाला जमलेल्या मुलींचा चेंडू पडलेला दिसत होता, आणि भागीबाई तो उचलायला कमरेवर हात ठेवून निघाल्या होत्या.

"ज्ञानेश," त्या म्हणाल्या, "त्या पलीकडच्या गोलाला केवढी लागंल रे?"