अरअरच्या रानातला बार

सौदीतल्या ताइफच्या वर डोंगरात गुलाबांचे मळे आहेत. तिथले पंप आणि मोटारी दुरुस्त करायचं माझं काम. त्यातल्या एका मळ्याचे मालक सत्तरी ओलांडलेले. मी त्यांना शेख म्हणायचो. पंप सुरू झाला तरी ते मला सोडत नसत. गहवा, म्हणजे इकडची कॉफी, यायचा, खजूर यायचे आणि माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत गप्पा रंगायच्या.

त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर एक लांब नळीची बंदूक होती. जवळ जाऊन पाहिली तर ठासणीची! नळीला चांदीच्या कड्या, दस्ता हाताच्या घामानं काळा झालेला. इकडचे पुरुष लग्नात अशा बंदुका घेऊन नाचतात. उंच उडी मारायची आणि हवेत असतानाच पायाखाली बार काढायचा. शेख मिसरूड फुटल्यापासून याच बंदुकीनं नाचत आले होते. ती त्यांच्या वडिलांची.

"आमच्या घरी पण होती," मी म्हणालो. "रानडुकरं भातात शिरतात म्हणून अब्बांना परवाना मिळाला होता."

परवाना डुकरांपुरता. आम्ही मात्र भेकरं मारली, ससे मारले. तिकडेही ते कायद्यात बसत नव्हतं, पण रत्नागिरीच्या आमच्या त्या कोपऱ्यात कोण विचारायला येतो? हे सगळं मी शेखना तिखटमीठ लावून सांगितलं. ते मांडीवर थाप मारून हसले.

पुढच्या जुम्याच्या नमाजानंतर त्यांचा फोन आला. "चल वर रानात. नुसती दारू भरून एक बार काढू. बघ, तुझ्या अब्बांच्या बंदुकीसारखा आवाज येतो का."

त्यांच्या जुन्या पिकअपमधून आम्ही वर गेलो. अरअरची झाडं म्हणजे आमच्या सुरूची वाकडी, गाठाळलेली चुलत भावंडं. थंड वारा होता आणि राळेचा वास येत होता. शेखनी बंदूक माझ्या हातात दिली. मी दारू ओतली, चिंधी घातली, गजानं ठासली. हात काही विसरले नव्हते. शेख कौतुकानं बघत होते.

त्यांच्या कातडी पिशवीत दारूच्या शिंगाशेजारी छर्रे दिसले. जुनेच असावेत.

"हे पण घालू?" मी विचारलं.

"नको. आता बंदी आहे. पूर्वीची गोष्ट वेगळी."

"एक ससा, शेख. इथे कोण बघतंय?"

ते गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा मी मला हवा तो अर्थ घेतला आणि छर्रे आत सोडले.

ससा उतारावरच्या झुडपातून निघाला. मी बार पेटवणारी केप चढवली, नेम धरला, चाप ओढला. धूर विरला तेव्हा ससा मागचे पाय ओढत गोल गोल फिरत होता आणि ओरडत होता. ससा ओरडतो तेव्हा तान्ह्या पोरासारखा ओरडतो. गावी हे मी ऐकलेलं होतं, पण गावी सोबत चार माणसं आरडाओरडा करत असायची. इथे त्या ओरडण्याशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं. मी जागचा हललो नाही. शेखच गुडघे धरत उतरले, बिस्मिल्लाह म्हणून त्यांनी सुरी फिरवली आणि हात मातीनं घासले. माझ्याकडे पाहिलं नाही.

आम्ही गाडीपाशी येतो न येतो तोच रानाची गस्त घालणारी गाडी समोर आली. बार त्यांनी ऐकला होता. गणवेशातला एक तरुण उतरला. ससा आमच्या पिकअपच्या टपावर, बंदूक माझ्या काखेत. काय झालं ते सांगायला कोणाची गरज नव्हती.

"कोणी मारला?"

माझ्या डोळ्यांपुढे आधी इकामा, इथे राहायचा परवाना, आला. मग बायको, मुलीची शाळा, रिकामं घर, विमानतळ. हे सगळं क्षणात आलं.

"मी," शेख म्हणाले. त्यांनी माझ्या काखेतून बंदूक अलगद काढून घेतली. "हा पाहुणा आहे. याला नियम ठाऊक नाहीत."

त्या तरुणानं माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं दारूनं काळी झाली होती. "तू उडवलीस?"

"ला," मी म्हणालो. नाही. हा एवढासा शब्द, आणि किती स्पष्ट उच्चारला मी! एरवी माझी अरबी अडखळते.

त्यानं शेखचं ओळखपत्र घेतलं, कागद भरले, बंदूक ताब्यात घेतली. बोलणं अदबीचं होतं, काका-काका करत होता. शेखनी बंदूक स्वतःच्या शालीत गुंडाळून दिली आणि म्हणाले, "मुला, हिची नळी आजच गरम पाण्यानं धुवावी लागेल. दारूची राख लोखंड खाते. धुशील ना?"

तो म्हणाला, "बघतो, काका."

अब्बा शिकारीहून आले की आधी नळी धुवायचे, मग जेवायचे. मला हे माहीत होतं. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती कणीक मळायची थांबली. "आणि तुम्ही नाही म्हणालात?"

"नाहीतर आपल्याला पाठवलं असतं परत."

"ते खरं." पुन्हा कणकेत हात घालत म्हणाली, "पण त्यांचं वय बघायचं होतं."

शेखना कचेरीत हेलपाटे घालावे लागले, दंड झाला. बंदूक परत मिळणार नाही, असं त्यांच्या मुलानं मला फोनवर सांगितलं. तो रियाधला असतो. रागावला नाही, नुसतं कळवलं आणि फोन ठेवला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

बरेच दिवस मी मळ्याकडे फिरकलो नाही. एकदा तिकडचं काम निघालं तर दुसऱ्या मेकॅनिकला पाठवून दिलं. मग शेखचाच फोन आला, "दुसऱ्याला पाठवू नकोस. तू ये."

गेलो. भिंतीवर खिळे तेवढे उरले होते. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "मी जाऊन खरं सांगतो."

"मग ते तुला घरी पाठवतील," शेख गहवा ओतत म्हणाले, "आणि मी खोटं बोललो ते फुकट जाईल. खलास. बस."

मला हायसं वाटलं. इतकं, की मी खरंच खाली बसलो. ते मला खरंच तिकडे जाऊन कबूल करायला लावतील, अशी भीती मनात घेऊनच मी आलो होतो, हे तेव्हा कळलं. शेखनी पेला पुढे केला. तो घेताना मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. मी पंपाला काय झालंय, एवढंच विचारलं.