सिस्टरबाईंचा पेला

वाचायला बसलात तर अशा जवळ सरका. येरमाळ्याला देवीला येता, दर्शन घेऊन तशाच एसटीत बसता. म्हातारी आहे का गेली, कुणी बघायचं? घरी आला असतात तर पहिल्यांदा म्हणाले असते, आधी हात धुवा. रागावू नका, हे बोलणं माझं नाही, आमच्या सिस्टरबाईंचं. कुणाच्या घरी बाळंतपणाला गेल्या की उंबऱ्यातूनच ओरडायच्या, "आधी हात धुवा, मग काय रडायचं ते रडा!"

बाई आमच्या गावात बदलून आल्या तेव्हा मी नवी सून. दवाखाना म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, बोथट सुई दगडावर घासायची, आणि वस्त्यांवर पायी जायचं. नर्स म्हटलं की लोक नाकं मुरडायचे. परक्या पुरुषांना हात लावते, बाळंतिणींचा विटाळ अंगावर घेऊन फिरते. स्थळ आलं की पहिली अट, नोकरी सोडायची. बाईंनी ती सोडली नाही. मग स्थळं यायचीच थांबली.

माझा थोरला पायाळू. बाईंनी घामाघूम होऊन त्याला सुखरूप बाहेर काढला. सासूबाई त्यांच्या पाया पडायच्याच बाकी राहिल्या होत्या. मग त्यांनी चहा केला. पण कपबशी फळीवरच राहिली, नुसतं पातेलं घेऊन त्या दारात आल्या. बाईंना कळलं. पिशवीतून स्वतःचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला काढून त्यांनी पुढं केला.

"ओता मावशी. माझा पेला हाय माझ्याजवळ."

सासूबाईंनी वरून धार धरली. बाई एक घोट घेऊन म्हणाल्या, "साखर लई पडली की! नातवाची व्हय?"

सासूबाई खुदकन हसल्या. कपबशी काही फळीवरून खाली आली नाही.

पुढं सगळं पालटलं. एकदा टोचून फेकायच्या सुया आल्या, बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली. नाकं मुरडणारेच सुनेला नर्सची नोकरी आहे का विचारायला लागले. बाईंच्या पुढंही कपबशी यायला लागली, पण त्यांचा हात सवयीनं पिशवीतच जायचा. रिटायर झाल्या तेव्हा गावानं शाल, नारळ आणि काय दिलं असेल? स्टीलच्या सहा पेल्यांचा सेट! कुणाच्या काही ध्यानात आलं नाही बघा. बाई माईकवर हसून म्हणाल्या, "आता सहा पाव्हणे तरी या माझ्याकडं चहाला." सगळ्यांनी हो हो म्हणत माना डोलावल्या.

माझी नात नर्सिंगच्या डिग्रीला निघाली तेव्हा तिला घेऊन मी बाईंच्या खोलीवर गेले. सेटचा खोका कपाटावर, चिकटपट्टीसकट. आमच्यासाठी त्यांनी तो फोडला. दोन नव्या पेल्यांत आमचा चहा, आणि स्वतःचा त्या जुन्यात. पोरीला मी मागचं सगळं सांगितलेलं. ती उठली, त्यांच्या हातातला पेला काढून घेतला आणि आपला त्यांच्या हातात दिला. "मी ह्याच्यात पिते, सिस्टर."

बाई नवा पेला दोन्ही हातांत धरून नुसत्या बसल्या. चहा पार निवला. मग म्हणाल्या, "पोरी, तुला कुणी दारात चहा दिला तर पिऊ नकोस हां."

यंदाच्या थंडीत त्या गेल्या. धाराशिवच्या दवाखान्यात, आणि ड्युटीवर माझी नातच. मी धापा टाकत पोचले, दारातच हंबरडा फुटणार, तर ती आडवी आली. डोळे लाल झालेले. "आजी, आधी हात धू."

धुतले. मग रडले.

जर्मनचा पेला नात घेऊन गेली, तिच्या पिशवीत असतो. सेट माझ्याकडं आहे. चार पेल्यांवरचे कागद अजून तसेच आहेत. माझ्या हातानं काढवत नाहीत. तुम्ही या. एसटी चुकली तर दुसरी मिळेल. पण लवकर या, आणि दारातून हाक मारू नका, सरळ आत येऊन बसा.